टाळीवाल्यांची डावी बाजू

आमच्या यांना सगळे टाळीवाले म्हणतात. कुणाला घरी गाणी ऐकायला स्पीकर हवे असले की हे आधी त्या खोलीत जाऊन चारही कोपऱ्यांत टाळ्या वाजवतात. टाळी घुमली तर म्हणतात, "इथे मोठे स्पीकर आणलेत तर भिंती गातील, गायक नाही." मग घरातली माणसं ऐकायला कुठे बसतात ते विचारून त्याच खुर्चीत बसतात, आणि त्यानंतरच गाडीतून स्पीकरच्या दोन-तीन जोड्या उतरतात. "वॉट बघून स्पीकर घेणं म्हणजे वजन बघून जावई करणं," हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतेय. स्पीकर ठरले की त्यांना पेलेल असा अ‍ॅम्प्लिफायर, बाकी सगळं नंतर.

यांच्या कानाचं लोकांना केवढं कौतुक! घरात मात्र त्या कानाला कुलूप. तीन वर्षांपूर्वी जेवताना मी म्हटलं, "अहो, छातीत गाठ लागतेय. उद्या दवाखान्यात जायचंय, याल का?" हे शांतपणे घास चावत राहिले. मग म्हणाले, "मीठ जरा कमी झालंय."

मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. एकटी गेले, एकटीने निकालाची वाट पाहिली. गाठ साधी निघाली, पण हा माणूस माझ्या मनातून उतरला तो उतरलाच. बोलणं मी कामापुरतं ठेवलं. तरी स्पीकरचं दुसरं टोक धरायला मीच जायचे, कारण यांची पाठ आता साथ देत नाही. राग आपल्या जागी, पोटापाण्याचं काम आपल्या जागी.

गेल्या आठवड्यात गाणं शिकवणाऱ्या एका बाईंकडे गेलो. बाईंच्या शब्दावर त्यांच्या शिष्यांची चाळीस घरं हलतात, त्यामुळे हे काम बिघडून चालणार नव्हतं. बाईंनी दोन जोड्या ऐकून लहान जोडी निवडली. यांनी तारा जोडल्या. एका स्पीकरच्या दोन तारा उलटसुलट झाल्या तर गायकाचा आवाज मधोमध उभा राहत नाही, खोलीभर सांडतो. म्हणून दुसरे लोक तारांवर खूण करतात. हे करत नाहीत. "खूण माझा कान करतो," हा यांचा तोरा.

गाणं लागलं आणि मला लगेच कळलं, तारा उलट्या आहेत. याआधीही दोनदा असं झालं होतं. घाईत चुकले असतील म्हणून मी गुपचूप बदलून टाकल्या होत्या.

बाई म्हणाल्या, "आवाज मधून येत नाहीये हो."

"मधूनच येतोय," हे फाडकन म्हणाले. "जरा कान तयार करा."

गाण्याच्या बाईंना! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई उठल्या. "तुमचे डबे उचला आणि निघा," म्हणाल्या. मी हातापाया पडायचीच बाकी होते. अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, डाव्या स्पीकरच्या तारा बदलल्या, पुन्हा गाणं लावलं. आवाज मधोमध येऊन उभा राहिला. "आत्ता आला," बाई म्हणाल्या, आणि राग गिळून पाणी आणायला आत गेल्या.

मी यांच्याकडे पाहिलं. एवढा फरक पडला, पण चेहरा कोरा. माझ्या मनात काहीतरी चमकलं. मागून जाऊन मी यांच्या डाव्या कानाशी टाळी वाजवली. हलकीशी, यांच्यासारखीच. पापणीसुद्धा लवली नाही.

परत येताना गाडीत मी भांडायला सुरुवात केली, आणि हे निवांत गाडी चालवत राहिले. तेव्हा ध्यानात आलं, गाडीत मी यांच्या डावीकडे बसते. जेवायलाही डावीकडेच. मी यांचा दंड धरून हलवला, गाडी थांबवायला लावली, उतरले आणि वळसा घालून यांच्या खिडकीशी गेले.

"कधीपासून?"

हे स्टिअरिंगकडे बघत राहिले. "चार वर्षं होतील. एका कानाच्या माणसाला स्पीकर निवडायला कोण बोलावणार, सांग."

"मग लोकांपासून लपवायचं! माझ्यापासून कशाला? नवऱ्याने मला टाकलंय असं समजून दिवस काढले मी! ते चाललं तुम्हाला, पण कान गेला एवढे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत? गाठ घेऊन एकटी बसले होते मी त्या दवाखान्यात!"

उजवा कान शाबूत होता. शब्द न् शब्द पोचला. यांचे हात स्टिअरिंगवरून खाली आले.

"कसली गाठ?" यांनी विचारलं.