बुध्या वर्गात आला तेव्हा

चर्चच्या बालवाडीत मी मुख्य बाई झाले तेव्हा मंडळीनं, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, मला नाशिकला प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता नेतृत्वगुण. आम्ही चार्टपेपरवर रंगीत गोल काढले, गोलांना बाण जोडले, एकमेकींसाठी टाळ्या वाजवल्या. जेवण चांगलं होतं. परतताना बसमध्ये मी माझ्यापुरतं एकच ठरवलं, की आईबापांना फाटकाबाहेर उभं करायचं नाही.

ते मला रोज खुपायचं. आमचं गाव तोरणमाळच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, पोरं बहुतेक पावरा आदिवासी घरांतली. बाप यायचे आणि चपला हातात घेऊन फाटकाशी उभे राहायचे, कचेरीत आल्यासारखे. मी सांगून टाकलं, कुणाच्याही आईबापानं केव्हाही थेट वर्गात यावं. मंडळीच्या कमिटीनं मान डोलावली. बैठकीत चहा आला की सगळेच मान डोलावतात.

मग होळी आली. त्या दिवशी मी खिचडीचं धान्य आणायला शहाद्याला गेले होते. वर्ग धाकट्या बाईंकडे होता. अंगानं काटकुळी, आवाजानं खणखणीत, अशी ही माझी एकुलती एक सहकारी. तिच्या वर्गातल्या एका मुलीनं जूनपासून शाळेत तोंड उघडलं नव्हतं. मराठीत विचारा, अहिराणीत विचारा, तिच्या घरच्या पावरीत विचारा, ती फ्रॉकची कड चावत बसायची. तिच्या बापानं त्या वर्षी नवस करून बुध्याचं व्रत घेतलं होतं. अंगभर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला सुकलेले भोपळे आणि घुंगरं. व्रताच्या दिवसांत ही माणसं खाटेवर बसत नाहीत, पायांत काही घालत नाहीत, गावोगावच्या होळीला नाचत फिरतात. तो वाटेनं चालला होता. बालवाडी दिसली, आणि माझ्या नियमाप्रमाणे सरळ वर्गात शिरला.

मुलगी ताडकन उठली आणि पावरीत ओरडली, हा माझा बाप आहे! मग थांबेचना. भोपळे कसे बांधतात, टोप किती जड असतो, सगळं तिनं सांगितलं. बाप नाचला, पोरं त्याच्याभोवती नाचली, धाकट्या बाईही टाळ्या देत नाचल्या. मागच्या भिंतीवर क्रूस आणि पुढे बुध्या. रस्त्यावरून कुणीतरी व्हिडिओ काढला, आणि मी गावात पोचायच्या आत तो मंडळीच्या ग्रुपवर पोचला.

रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली. सर्वांत जास्त तापले होते ते आमचे खजिनदार, तापीकाठच्या गावातून येऊन इथं राहिलेले निवृत्त मास्तर.

"हाई बालवाडी शे का जत्रा?" ते कडाडले. "त्या बाईले काढी टाका!"

धाकट्या बाई दाराजवळ पदर मुठीत धरून उभ्या होत्या. त्यांच्या घरात महिन्याचा पगार आणणाऱ्या त्या एकट्याच. चर्चचे पाळकसाहेब स्वभावानं मवाळ. त्यांनी मला वाट काढून दिली. "बाई, तुम्ही तर गावात नव्हता. तुमची परवानगी नव्हतीच ना?"

नव्हती म्हटलं की मी सुटले. इतका सोपा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता, आणि त्या सोपेपणाचाच मला संताप आला.

"परवानगी माझीच होती," मी म्हणाले. "नियम माझा, मान्य तुम्ही केलेला. बापानं कोणत्या वेशात यावं हे त्यात कुठं होतं? मी नवस मानत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या पोरीला आम्हा दोघींना बोलतं करता आलं नाही, तिच्या बापानं केलं. उद्या त्याला फाटकावर अडवा, ती पुन्हा गप्प होईल. आणि का अडवलं ते तिला बरोबर कळेल."

"मंग तुम्ही खुर्ची सोडा," खजिनदार म्हणाले. मी नरमेन असं त्यांना वाटलं असावं.

"ल्या खुर्ची," मीही अहिराणीतच म्हणाले. "पन त्या बाईले काढू नका." आणि चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. खोटं कशाला सांगू, ती खुर्ची मला फार आवडायची.

पाळकसाहेबांनी जुडग्याकडे पाहत विचारलं, "मग बालवाडी बघणार कोण?"

"बालवाडीचं प्रशिक्षण झालेल्या दोघीच आहोत आम्ही. मी खुर्ची सोडली. उरलं कोण?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. खजिनदारांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. पण आमच्या गावात दुसरी बाई यायला तयार नसते, हे त्यांनाही माहीत होतं. बरीच कुरबुर झाली. जेवणाची वेळ टळून गेली, भुकेनं सगळ्यांचे आवाज खाली आले, आणि पाळकसाहेबांनी चाव्या धाकट्या बाईंपुढे सरकवल्या.

"आन् ह्या बाईसनं काय?" खजिनदारांनी माझ्याकडे बोट केलं. त्यांना मी आता तिथं नकोच होते.

धाकट्या बाईंनी चाव्या उचलल्या. अजून बसायला खुर्चीही मिळाली नव्हती, उभ्याच होत्या.

"त्या कुठंही जाणार नाहीत," त्या म्हणाल्या. "उद्यापासून लहान गट त्या घेतील."

मुख्य बाई म्हणून त्यांचा हा पहिला निर्णय. तो घेताना त्यांनी कमिटीला विचारलं नाही, आणि मलाही नाही.