अण्णांची आरामखुर्ची

हे घराबाहेर सांगायचं नाही, असं आईने मला बजावलं आहे. पण मैत्रिणींनो, आमच्या खुर्चीच्या गोष्टी फडताळातल्या रिकाम्या डब्यांसारख्या साठल्यात; एक काढायला जावं तर सगळ्या अंगावर येतात. शाळेत माझं तोंड उघडत नाही, म्हणून लिहून देते.

एका साहेबाची बदली झाली, तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावातून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वेताची आरामखुर्ची आणली. तिच्यावर बसायचं नाही. वेत सैल पडतो. अण्णा स्वतः तिच्याशेजारी जमिनीवर बसून वर्तमानपत्र वाचतात.

*

धूळ बसू नये म्हणून तिच्यावर पांढरी चादर असते. एकदा मिरकरवाड्याहून हसनचाचा पत्र लिहून घ्यायला आले. मधोमध चादर, भोवती आम्ही गप्प. ते दारातच थांबले.

"कोण गेलं?"

"कोणी नाही. खुर्ची आहे," अण्णा म्हणाले.

"अरेरे. कधीपासून आजारी होती?"

*

मैदानात सिनेमाचा तंबू पडला, तेव्हा अण्णांनी आम्हाला मूकपट दाखवला. गावाला पूर येतो. लोक एक कपाट होडीत बसवतात आणि कपाटाचा मालक मागून पोहत येतो. पुढे त्या कपाटाला नगराध्यक्षही करतात. अण्णा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "काय एकेक माणसं असतात!"

घरी आल्यावर पाय धुवायच्या आधी त्यांनी विचारलं, "चादर कोणी हलवली?"

*

मी मोठी शहाणी, त्यांना मनात हसले. मग श्रावणात कौल सरकलं आणि ओटीवर धार लागली. खाली खुर्ची आणि तिच्या बाजूला धाकट्या भावाचा पाळणा. मी धावले. खुर्ची आत नेली, पदराने पुसलीसुद्धा.

मागून आई म्हणाली, "खुर्ची रडत नव्हती गो. बाळ रडत होतं."

*

आता न सांगायची गोष्ट. मला मॅट्रिकपर्यंत शिकायचं आहे. पण चांगलं स्थळ आलं की शाळा बंद, असं अण्णांनी ठरवलं होतं. चिपळूणचं स्थळ आलं. मी मान खाली घालून पोहे घेऊन गेले. मुलाचे वडील चादर बाजूला करून खुर्चीच्या हातावरून हात फिरवत होते. शेवटी म्हणाले, "पसंत आहे."

आईने देवापुढे साखर ठेवली. मी आत जाऊन भूगोलाचं पुस्तक ट्रंकेत तळाशी घातलं.

"मुलगी ना?" अण्णांनी विचारलं.

"मुलगीही. लग्नात खुर्ची द्याल ना?"

 अण्णांनी चादर नीट केली आणि ते म्हणाले, "मुलगी अजून शिकते आहे."

दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना, कोणी बघत नाही असं पाहून, मी त्या खुर्चीपुढे वाकले आणि हळूच नमस्कार—

मागून अण्णांची हाक आली, "बाय, खुर्ची पुसलीस काय गो?"