काचेला टेकवायचं हूड

गुलाबरावांना दुकानातली वस्तू झटकन पसंत पडली, असं कधी कुणी पाहिलेलं नाही. साधी छत्री घ्यायची तरी ते दुकानदार कंटाळेपर्यंत उघडमीट करून बघतात. त्यामुळे लेन्सच्या तोंडावर बसवायचं हूड घ्यायला ते ब्राह्मणपारा वस्तीतल्या शेखरच्या कॅमेऱ्याच्या दुकानात आले, तेव्हा शेखरनं आधी चहा मागवला.

गुलाबराव रेल्वेत गेटमन होते. दुर्गच्या पुढे, राजनांदगावच्या अलीकडे एका फाटकावर त्यांची बहुतेक नोकरी सरली. फाटकामागेच एका खोलीचं क्वार्टर. तिथेच संसार झाला, विकीचा जन्म झाला, कमलाबाईंनी दारात मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड लावलं. माणूस नियमाचा भलताच पक्का. एकदा गाडी यायची होती म्हणून त्यांनी अख्खी वरात अडवून धरली. नवरदेव घोड्यावर उन्हात शिजून निघाला, पण फाटक काही उघडलं नाही.

आता रुळांखालून रस्ता काढल्यामुळे ते फाटक कायमचं बंद झालंय, आणि नव्या लाइनसाठी क्वार्टरही पाडणार आहेत. त्या घराचा एकसुद्धा फोटो नाही. तेव्हा कॅमेरा होता कुणाकडे! कमलाबाईंनी जन्मात नवऱ्याकडे काही मागितलं नव्हतं. हे मात्र मागितलं.

"पाडाच्या आंधी एक फोटो काढा. मले बस तेवढाच पाह्यजे."

फाटकाचा जुना रस्ता खणून टाकल्यामुळे तिथवर पायी जायचं तर रुळावरून चालावं लागतं, आणि ते गुलाबरावांच्या नियमात बसत नाही. डब्याच्या दारात लोंबकळणाऱ्यांना तर त्यांनी आयुष्यभर शिव्या घातल्या. राहिली एसी डब्याची बंद काच. मागच्या खेपेला नागपूरला जाताना विकीच्या जुन्या कॅमेऱ्यानं त्यांनी काचेतून फोटो काढला, तर घराच्या जागी आल्या त्यांच्याच मिशा आणि मागून जाणारा चहावाला. आता भाचीच्या लग्नाला पुन्हा नागपूर. परत येईपर्यंत क्वार्टर उभं राहील, याचा भरवसा नव्हता.

शेखरनं पाकळ्यापाकळ्यांचं प्लास्टिकचं हूड पुढे केलं. "अंकल, ये लगाइए, एकदम प्रोफेशनल लगेगा."

"काय करू प्रोफेशनलले? हे टणक आहे. गाडी हालली का काचीवर आपटन."

मग रबरी हूड निघालं, घड्या घालून मागे सारता येणारं. गुलाबरावांनी ते सोबत आणलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर फिरवून बसवलं आणि शेखरच्या शोकेसच्या काचेला दाबून धरलं. काचेवरचा ट्यूबलाइट, रस्ता, शेखर, सगळं नाहीसं झालं. आतले कॅमेरे तेवढे स्वच्छ दिसू लागले. हूड पूर्ण उघडलं की फोटोचे कोपरे मात्र काळे येत होते. एक घडी मागे घेतली, तेव्हा तेही गेलं. मग त्यांनी रबर दाबून पाहिलं, ओढून पाहिलं. चहा पार निवला.

"हव, हेच दे," ते म्हणाले, आणि शेखरनं सुटकेचा निःश्वास टाकला.

गाडीनं दुर्ग सोडलं तसं गुलाबरावांनी हूड खिडकीला टेकवलं. कमलाबाई शेजारी बसल्या होत्या. फाटक जवळ आलं. ना मिशा, ना चहावाला. सगळं लख्ख दिसत होतं.

गाडी जाताना गेटमननं हिरवी झेंडी घेऊन गाडीकडे तोंड करून उभं राहायचं असतं. गुलाबराव वर्षानुवर्षं तसेच उभे राहिले, घराकडे पाठ करून. आज ते पहिल्यांदाच गाडीतून नीट बघत होते. ते उभे राहायचे ती जागा, आणि तिच्या अगदी मागे, हाक न मारताही ऐकू जाईल इतक्या जवळ, घराचं दार. कमलाबाई लहानग्या विकीला कडेवर घेऊन रोज त्या दारात उभ्या असायच्या. ते त्यांना ठाऊक होतं. दिसलं कधीच नव्हतं. बटणावरचं बोट सुटलं आणि उजवा हात आपोआप वर गेला, झेंडी धरावी तसा.

दार मागे पडलं. मुनगाही गेला.

"निंघाला का फोटो?" कमलाबाईंनी विचारलं.

"नाही." ते म्हणाले, "मी दारच पाहत राह्यलो. तू उभी राहत होती, ते."

कमलाबाईंनी त्यांचा अजून अर्धवट वर राहिलेला हात धरून खाली घेतला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "एकदा त मांगं पाह्यलं तुमी."