सरस्वतीपुढची कुपी

उदारीकरणानंतर परदेशातून प्रयोगाचं सामान मागवणं सोपं झालं म्हणतात. माझी नखाएवढी कुपी तंजावूरला पोचायला तरी पाच महिने लागले. तिच्यात एका प्रथिनाची कोरडी पूड होती. ते मिळालं तर कोंबडीच्या भ्रूणातल्या मज्जापेशी काचेच्या बशीत जगतात, नाही तर एक-दोन दिवसांत मरतात. माझी सगळी पीएचडी त्या पुडीवर उभी होती. कॉलेजचा फ्रीज बिघडला म्हणून मी कुपी घरी आणली आणि दोशाच्या पिठाशेजारी ठेवली.

आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, सकाळी न्हाऊन बाहेर आले, तर सरस्वतीपुढे पुस्तकं, अप्पांची पेनं, शिवणाचं मशीन आणि मधोमध कुंकू लावलेली माझी कुपी!

"तुझं आयुध तेच की," आई कौतुकानं म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. उष्णतेनं प्रथिन नासतं, पाच महिने पाण्यात गेले, असं काय काय मी ओरडले. आईचा चेहरा एवढासा झाला. पण पूजेला मांडलेली वस्तू दुसऱ्या सकाळपर्यंत उचलायची नसते. मोठी शास्त्रज्ञ म्हणवणारी मी, माझाही हात पुढे झाला नाही. ती पूड उंदराच्या लाळग्रंथीतून काढलेली असते, हे मात्र मी आईला आजतागायत सांगितलेलं नाही.

विजयादशमीला पहाटेच कुपी उचलून प्रयोगशाळा गाठली. दोन बशा मांडल्या, एकीत त्या पुडीचं औषध घातलं, दुसरीत नाही. दुसऱ्या दिवशी आई हट्टानं टाउन बसमधून माझ्याबरोबर आली. सूक्ष्मदर्शकात डोकावले आणि मी चक्क उडीच मारली. औषधाच्या बशीतल्या पेशींना लांबलांब तंतू फुटले होते. कोरडं होतं म्हणून प्रथिन टिकलं होतं. मी आईला मिठी मारली, तिची माफी मागितली.

तिनंही पाहिलं. मग मी दुसरी बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तशी तिच्यावरही वाकली. तिथल्या पेशी आक्रसून, तुकडे होऊन पडल्या होत्या.

"पापम, बिचाऱ्या! ह्यांस कां दिलं नाहीस?"

मी समजावलं. प्रत्येक पेशीच्या आत मरायची तयारी आधीपासूनच असते. बाहेरून जगण्याचा निरोप येतो, पेशीच्या अंगावर पोचतो, आत एका रेणूकडून दुसऱ्याकडे जातो, तोवर ती तयारी थोपवलेली असते. निरोप थांबला की पेशी स्वतःच स्वतःला संपवते. ते दाखवायलाच ही बशी उपाशी ठेवायची.

"दाखवून झालं की. आता दे."

"आता उपयोग नाही, आई."

"देऊन बघितलंस?"

नव्हतं बघितलं. कुणी सांगितलंच नव्हतं. थोड्या पेशी अजून गोल, धड दिसत होत्या. तिचं मन राखायला मी बशीत औषधाचे थेंब सोडले.

दुसऱ्या सकाळी बशी पाहिली आणि तशीच धावत कोपऱ्यावरच्या फोन बूथवर गेले. मरणाच्या वाटेवरून पेशी कुठपर्यंत मागं फिरू शकते, यावर पुढं माझा अख्खा प्रबंध झाला. त्या सकाळी मला एवढंच बोलता आलं, "आई, तीन जगल्या!"