क्रुसेडचा अहवाल आणि साहेबांचे गुडघे

ओता चहा, पण अर्धाच कप हं! आणि मी पुरे म्हटलं की थांबा. एका कपापायी माझी जी फजिती झालीय ना, ती वैऱ्याचीही होऊ नये.

सौदीत, धाहरानला माझं काम म्हणजे संपलेल्या प्रकल्पांचा पंचनामा. ठरलं काय होतं, झालं काय, यशस्वी की फसला? आमच्या विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि माझा तिच्यावर डोळा होता. निवड करणार होते अबू फहद, आमचे सौदी साहेब. साठीला टेकलेले, गुडघेदुखीने बेजार आणि इतिहासाचे वेडे.

एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाले, "ख्रिश्चन आणि मुसलमान जेरुसलेमसाठी पिढ्यान्‌पिढ्या लढले. क्रुसेड हा एक प्रकल्प धरला, तर तुझा अहवाल काय म्हणेल? गुरुवारी घरी ये. कॉफी घेऊ."

कॉफी कसली, ही तर मुलाखत! मी आठवडाभर वाचून वाचून डोळे लाल केले.

गुरुवारी सोबत शरीफभाई होते. माझ्याच विभागातले, मूळचे रत्नागिरीचे, पण निम्मं आयुष्य सौदीत गेलेलं. आम्ही गालिच्यावर लोडाला टेकून बसलो. साहेब स्वतः चोचीची किटली घेऊन उभे! इवल्याशा कपात घोटभर वेलचीची कॉफी. मी संपवली, कप पुढे केला. त्यांनी पुन्हा भरला.

आता आपले संस्कार तुम्हाला ठाऊकच आहेत. वाढलेलं टाकायचं नाही, आणि नको म्हटलं तर यजमानाला वाईट वाटतं. मी पीत गेलो आणि बोलत गेलो.

"पहिली मोहीम बघा. शहर घेतलं, उद्दिष्ट साध्य! पण टिकवायचं कसं, याचा आराखडा कुठाय? गेलं ना हातचं! मग पुन्हा मोहीम, पुन्हा खर्च…"

साहेब उभेच. म्हटलं, काय हा आदर! माझं विश्लेषण ऐकताना माणूस बसायलासुद्धा तयार नाही! मग काय, मला चेवच चढला.

समोर शरीफभाई आपला रिकामा कप सारखा हलवत होते. मला वाटलं, बिचाऱ्यांना एसीने थंडी वाजतेय. मी साहेबांना एसी कमी करायला सांगितलं! साहेब लंगडत गेले, एसी कमी करून आले आणि माझा कप भरला.

कॉफी घशाशी आली होती. शेवटी मी ठणकावून सांगितलं, "एकंदरीत फसलेला प्रकल्प! कारण एकच. थांबायचं कधी, हे त्यांना कळलं नाही!"

आणि कप पुढे केला.

शरीफभाई मराठीत ओरडले, "अहो, कप हलवा तो! पुरे झालं म्हणून तुम्ही कप हलवल्याशिवाय तो माणूस बसायचा नाही! कधीचा उभा आहे बिचारा!"

मेलो! मी कप असा हलवला की तो हातातून उडून गालिच्यावर पडला. साहेब भिंतीला धरून सावकाश खाली बसले. कपाळावर एक आठी नाही हो!

म्हणाले, "त्या युद्धात शत्रूचा राजा आजारी पडला, तेव्हा आमच्या सुलतानाने त्याला फळं आणि बर्फ पाठवला म्हणतात. जिंकलं कोण, यावर लोक अजून भांडतात. पण त्या बर्फाचं कौतुक दोन्हीकडचे करतात."

मला भरून आलं. पाहुण्याच्या मानासाठी स्वतःचे गुडघे पणाला लावणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

"आणि माझा अहवाल, साहेब?" मी चाचरत विचारलं.

"उत्तम! ते थांबण्याचं वाक्य तर माझ्या गुडघ्यांना फार पटलं."

जागा कोणाला मिळाली म्हणता? शरीफभाईंना! आता माझे अहवाल त्यांच्यापुढे जातात. मी लांबण लावली की ते टेबलावरचा रिकामा कप उचलतात आणि हलवतात.