एकोणीस दिवसांचा फौजी

किहीमला शनिवार-रविवारी सकाळी शिट्टी वाजली की मुंबईहून आलेली वीस-पंचवीस माणसं वाळूत पालथी पडतात आणि दयाराम म्हात्रे त्यांच्यावर खेकसायला लागतो. याला बूट कॅम्प म्हणतात. मूळ शब्द लष्करातला. नव्या रंगरुटाला पहिले काही आठवडे रगडून शिपाई करायचं, ती जागा. आता तो कशालाही चिकटतो. पोट कमी करायचंय? बूट कॅम्प. दयारामचा मुलगा हितेश बारा आठवडे खुर्चीत बसून कॉम्प्युटर शिकला, तोही म्हणे बूट कॅम्पच!

पाहुण्यांना मात्र खऱ्याचंच कौतुक. कॅम्पच्या फलकावरच लिहिलंय ना, 'माजी फौजी'.

माजी फौजी कसला! विसाव्या वर्षी भरती झाला, एकोणिसाव्या दिवशी कवायत घेणाऱ्या उस्तादापुढे ढसाढसा रडला आणि फौज सोडायच्या अर्जावर स्वतःच सही करून सुटून आला. घरी जायला तोंड नव्हतं. भिवंडीच्या गोदामात आठ-नऊ महिने पोती उचलली. मग पनवेलच्या एसटी स्टँडवर बसून गुडघ्याला बँडेज गुंडाळलं आणि लंगडत गावात शिरला. ट्रेनिंग पुरं झालं नि गुडघा गेला, असं सांगितलं. ठमाबाईने, त्याच्या आईने, तो गुडघा वर्षभर तेलाने चोळला. कधी हा डावा पुढे करायचा, कधी उजवा. माउलीच्या लक्षात आलं नाही, की येऊनही ती गप्प राहिली, देव जाणे. त्या तेलाच्या वासाची त्याला अजून लाज वाटते.

गेल्या वर्षी त्याची पुतणी जागृती निमलष्करी दलात भरती झाली. एका रविवारी तिचा फोन आला, तेव्हा दयाराम कॅम्पवर होता. आवाज रडवेला होता.

"काका, मना न्हाय जमत. सही करून घरी येव का? तू कसा टिकलास रं?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते ओठांवर आलंही होतं. पण समोर पाहुणे घाम पुसत ऐकत होते. दयारामने छाती पुढे काढली, आवाज चढवला.

"फौजीची पुतणी रडतं? घरी आलीस तं मना तोंड दाखवू नको!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. फोन कधी बंद झाला, त्याला कळलंही नाही. त्यानंतर जागृतीने त्याला फोन केला नाही. तो मात्र दर रविवारी मोबाइल जवळ घेऊन बसायचा.

परवा ती वर्दीत घरी आली. गावाने हार घातले. गर्दी पांगल्यावर ती बूट-मोजे काढून अनवाणी त्याच्याजवळ आली.

"काका, तुजा पासिंग आउट परेडचा फोटो दे. माज्या फोटोच्या शेजारी लावतंय."

आणखी एक थाप सहज मारता आली असती. फोटो पुरात गेला म्हणायचं. पण तिच्या टाचांवरचे काळे पडलेले घट्टे त्याला दिसले आणि जीभ रेटेना.

"न्हाय गं फोटो," तो खाली बघत म्हणाला. "मी एकोणिसाव्या दिवशी सही करून पललो व्हतो."

ती रागावेल, हसेल, निघून जाईल, असं त्याला वाटलं. ती तिथेच खाली बसली.

"त्या दिवशी सांगितला असतास, तरी मी थांबलेच असते रं," ती म्हणाली. "पन येवढी एकटी नसते परले."