शिफारस करत नाही

माझ्या गेमवर आजवर चौदा लोकांनी मत लिहिलं आहे. त्यातलं एक माझ्या बायकोचं, एक मेहुण्याचं आणि एक माझं स्वतःचं, दुसऱ्या नावानं उघडलेल्या खात्यावरून. उरलेले अकरा जण मला ओळखत नाहीत, म्हणून त्यांचंच मी खरं मानतो. त्या अकरांपैकी सात जणांनी 'शिफारस करत नाही' या बटणावर बोट ठेवलेलं आहे.

गेम मी एकट्यानं बनवला. दिवसभर रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर सांभाळायचं आणि सकाळी पाच ते सात मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली बसून गेम लिहायचा, असं सहा वर्षं चाललं. गेममध्ये बंदुका नाहीत, गाड्या नाहीत. पडद्यावर एक हातमाग असतो, साठ उभ्या धाग्यांचा. बाजूला लुगड्याच्या करवतीसारख्या दातेरी काठाचं चित्र. कोणता धागा कुठल्या भोकातून ओवायचा, पायाखालच्या कोणत्या पावडीनं कोणते धागे उचलायचे, हे तुम्ही ठरवायचं आणि आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या मोजक्या फेऱ्यांत तो काठ विणून दाखवायचा. एक धागा जास्त ताणला की शेजारचे दोन ढिले पडतात, ते सावरायला जावं तर तिसरा तुटतो. अशा छत्तीस लेव्हल आहेत. तेविसाव्या लेव्हलपुढे अजून कोणी गेलेलं नाही. मी जातो, कारण उत्तरं मला पाठ आहेत.

लोकांची मतं वाचणं हा माझा चहाबरोबरचा उद्योग. एकानं लिहिलं होतं, 'हा गेम शिकवत नाही, विहिरीत ढकलतो, आणि पाणी सहाव्या लेव्हलपासून पुढे आहे.' दुसऱ्याचं म्हणणं, नवव्या लेव्हलवर तो चार दिवस अडकला, पाचव्या दिवशी सासूबाई मागून जाता जाता 'तो पिवळा उचल' म्हणाल्या आणि काठ विणला गेला. गेम ठीक आहे, पण घरात आता तोंड दाखवायला जागा नाही. तिसऱ्या एका बाईंनी फक्त 'का?' एवढंच लिहिलं होतं, आणि त्यानंतर पाच वेळा परत खेळल्याची नोंद होती. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी या सगळ्यांना मनातल्या मनात म्हणायचो आणि चहा संपवायचो.

पण एक गृहस्थ असे होते की त्यांच्यापुढे माझी म्हण चालेना. कुठल्यातरी थंड देशातले. मताशेजारी किती तास खेळला तेही दिसतं, आणि यांचे तीनशे दहा तास दिसत होते. तीनशे दहा तास खेळून 'शिफारस करत नाही'! एवढा वेळ मी लग्नासाठी मुली पाहण्यात घातला नव्हता. दर पंधरा दिवसांनी ते आपलं मत दुरुस्त करायचे, आणि प्रत्येक वेळी मुद्दा तोच: 'दर लेव्हलला माग रिकामा होतो आणि साठ धागे पहिल्यापासून ओवावे लागतात. मागच्या लेव्हलला मी ते ओवले होते. ते कुठे गेले?'

मला राग आला. मी त्यांना इंग्रजीतून उत्तर लिहिलं की हीच तर मागाची शिस्त आहे, प्रत्येक वस्त्र शून्यातून सुरू होतं, आणि हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, माझ्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच काम झालेलं आहे. उत्तर पाठवून मी दिवसभर ताठ मानेनं हिंडलो.

घराण्यात काम झालेलं होतं, एवढं खरं. आम्ही कोष्टी. जुन्या वस्तीतल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग होता आणि बाबा त्यावर लुगडी विणायचे. काठाची खरी नजर उमरेडच्या कोष्ट्यांनाच, असं तेव्हा ते म्हणायचे. मला मात्र त्यांनी कधी मागाजवळ फिरकू दिलं नाही. 'अभ्यास कर' एवढंच. मी तेरा वर्षांचा असताना माग मोडीत निघाला आणि बाबा गांधीबागेतल्या एका होलसेल दुकानात थान उलगडून दाखवायच्या कामाला लागले. यंत्रावरचं कापड गिऱ्हाइकापुढे पसरायचं आणि 'बढिया माल है' म्हणायचं, असं त्यांनी वीसेक वर्षं केलं. घरी मागाचं नाव ते काढत नसत. जुनी सवय मात्र एक राहिली: समोर येईल ते कापड उलटून पाहायचं. पाहुण्यांच्या शर्टाचं टोक, शेजारणीचा पडदा. एकदा डॉक्टर छातीला नळी लावत होते आणि बाबांनी त्यांच्या ॲप्रनची कड उलटून 'हे दोन धुण्यांचं आहे फक्त' असा निकाल दिला होता.

माझा गेम त्यांनी पाहिला नव्हता. दोनदा दाखवायला गेलो तर 'गेम लेकरं खेळतेत' म्हणून पेपर वर धरला. खरं सांगायचं तर चौदा मतांत मला रस नव्हता. मला एकच मत पाहिजे होतं, आणि ते द्यायला माणूस तयार नव्हता. बायको म्हणाली, "थंड देशातल्या माणसाशी भांडता, त्यापेक्षा घरातल्याला एकदा टीव्हीवर दाखवून टाका. टीव्हीपुढून ते उठत नाहीत."

म्हणून एका रविवारी बाबा तर्री-पोह्याची प्लेट घेऊन क्रिकेट पाहायला बसले तसा मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. क्रिकेटच्या जागी माग आला. बाबांचा चमचा थांबला.

मी धोटा फेकून दाखवला.

"हा आवाज कायचा आहे?"

"धोट्याचा, बाबा."

"धोट्याचा? असं वाटून राह्यलं का कोनी चमच्याचं ड्रॉवर उघडून राह्यलं."

आवाज स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरचाच होता.

"दुसऱ्या पावडीवर पाय दे," बाबा म्हणाले. मी दिला. "आता तिसरी. अगा हळू, तुटन ना तो!" पुढची वीस मिनिटं माउस माझ्या हातात होता आणि गेम बाबा खेळत होते. सोफ्याखाली त्यांचे पाय आळीपाळीनं खाली-वर होत होते. जो गेम काही न शिकवता विहिरीत ढकलतो म्हणून एकाला राग आला होता, त्याची पहिली लेव्हल बाबांनी ठरलेल्या फेऱ्यांपेक्षा तीन फेऱ्या कमी घेऊन संपवली. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, झालं, आता ते म्हणणार.

काठ पूर्ण झाला, पडद्यावर फुलं उधळली आणि दुसरी लेव्हल आली. रिकामा माग. एकही उभा धागा नाही, नुसती भोकं.

बाबा प्लेट ठेवून उठले. "ताना कुठं गेला?"

"नवीन लेव्हल आहे बाबा. आता नवीन काठ."

"मंग? नव्या लुगड्यासाठी कोनी माग रिकामा करते का गा?" आवाज चढला होता. "जुन्याचं वीतभर टोक मागावरच ठेवते. नव्याचा एक एक धागा घ्या, बोटाले राख लावा, पीळ द्या, त्याले सांधा. मंग ओढून घ्या. ओवाले लागतच नाही काही. मी एवढ्या वर्षांत एकदाबी नाही ओवला. माया बापानं ओवला होता, त्यालेच मी सांधत आलो." ते टीव्हीकडे बोट करून थांबले. "रिकामा माग मानूस एकदाच करते."

आणि ते खोलीत गेले. पोहे तसेच राहिले.

मी रिकाम्या मागासमोर बसून राहिलो. हे चित्र मी कुठून आणलं होतं ते मला तेव्हा कळलं. शाळेतून आलो होतो, दारात लाकूड घ्यायला आलेला माणूस बिडी ओढत उभा होता आणि आत बाबांनी सगळे धागे कापून माग मोकळा केला होता. मी पहिल्यांदाच त्याच्या इतका जवळ गेलो, कारण आता कोणी हाकललं नाही. फणीतली भोकं मोजत बसलो होतो. मागाबद्दल मला जे म्हणून ठाऊक होतं ते त्या एका दुपारचं होतं, आणि मी बाबांना बोलावून, टीव्हीवर मोठं करून, तीच दुपार दाखवली होती. छत्तीस लेव्हलला छत्तीस वेळा. मला लाज वाटली. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते थंड देशातल्या माणसाला दिसलं होतं, कोष्ट्याच्या पोराला नाही.

त्यांना मी लिहिलं, 'तुमचं बरोबर आहे. घरी विचारलं.'

सकाळी पाच ते सात पुन्हा सुरू झालं. आता लेव्हल संपली की धाग्यांची टोकं मागावर राहणार आणि पुढची त्यांनाच सांधली जाणार, असं करायला घेतलं. पण पहिल्याच लेव्हलला अडलो. तिच्या आधी लेव्हल नाही, मग टोकं आणायची कुणाची? रिकाम्या मागानं सुरुवात करायची तर बाबांपुढे कोणत्या तोंडानं जाणार? आठ दिवस बाबांनी गेमचा विषय काढला नव्हता. नवव्या दिवशी जेवताना त्यांनीच विचारलं.

"मंग पयल्या खेपेले काय करून राहिला?"

म्हणजे हा माणूस आठ दिवस तोच विचार करत होता. मी म्हणालो, "काही सुचून नाही राहिलं."

बाबांनी ताटात हात धुतला, डोळे मिटले आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवायला लागले. "लिही. डाव्या हाताकडून. चार लाल. दोन काळे. एक पिवळा, मंग पुन्हा लाल." मागावरच्या शेवटच्या लुगड्याचा काठ ते सांगत होते, अर्धा राहिलेला, सत्तावीस वर्षांपूर्वीचा. मी पेन शोधेपर्यंत ते दहाव्या धाग्यावर पोचले होते. सतराव्याला थांबले. तोंड वाकडं केलं. "सतरावा... हिरवा लिही. अठरावा पिवळा." पुढे साठापर्यंत सुरळीत गेले. मला वाटलं, वय झालं, एखादा विसरायचाच.

ती टोकं मी पहिल्या लेव्हलला लावली आणि गेम नव्यानं सोडला. मतं यायला लागली. 'आधी मला एकेका लेव्हलचा राग यायचा, आता सगळ्या गेमचा एकदम येतो,' असं एकानं लिहिलं. दुसऱ्यानं लिहिलं, 'चौथ्या लेव्हलमध्ये केलेला आळस एकोणिसाव्या लेव्हलमध्ये भेटला. नमस्कार केला आणि कॉम्प्युटर बंद केला.' थंड देशातल्या गृहस्थांचे तास तोवर चारशेवर गेले होते. त्यांनी लिहिलं: 'आता हा माग वाटतो. पण सुरुवातीलाच चूक आहे. डावीकडून सतरावा आणि अठरावा धागा एकमेकांच्या जागी ओवलेत. काठाचा एक दात मोडलेला दिसतो. गेम बनवणाऱ्याला कळलं नसावं. शिफारस करत नाही.'

मी तणतणत लॅपटॉप घेऊन बाबांकडे गेलो. ते बाल्कनीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. "पाहा, आता तुमच्या काठात चूक काढून राहिला," म्हणत मी मराठी करून वाचून दाखवलं. सतरावा म्हणताच बाबांच्या हातातली शेंग थांबली.

"काय म्हनते? पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"बरोबर आहे त्याचं," बाबा हळूच म्हणाले. "मायाच हातानं झालं होतं ते. एक धागा तुटला, घाईत दुसऱ्याच्या जागी गेला. तीन लुगडी तशीच गेली. व्यापाऱ्याले दिसलं नाही, तुया मायले दिसलं नाही. पुढच्या सांधणीले काढतो म्हनलं होतं. मंग पुढची सांधणी झालीच नाही ना."

मी लॅपटॉप खाली ठेवला. "मी दुरुस्त करून टाकू का?"

"हात नको लावू. त्याले लिही, नवा ताना सांधतानी तेवढे दोन जागेवर घे म्हनावं. निंगते ते."

मी तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं उत्तर आलं, 'झालं,' आणि सोबत पडद्याचा फोटो. मी तो टीव्हीवर लावला. बाबा चष्मा पुसून अगदी जवळ गेले. काठ सरळ उतरला होता, एकही दात मोडलेला नव्हता. त्यांनी बोट टीव्हीच्या कडेला नेलं आणि मला म्हणाले, "उलटून दाखव."

"फोटो आहे बाबा. उलटता नाही येत."

"एवढं तरी बनवाचं होतं," ते म्हणाले, आणि पुन्हा काठ पाहायला लागले. सतराव्या धाग्यापाशी त्यांचं बोट बराच वेळ राहिलं. मग मागे न वळताच बोलले, "असा मानूस खेळून राह्यला, त चांगलाच असन तुया खेळ."

मी उगाच टीव्हीची वायर नीट करायला वाकलो. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

"विचार गा त्याले," बाबा म्हणाले, "उमरेडचा आहे का?"